डॉक्टर व्हायचंय, की अमेरिकेला जायचंय?

पत्र : मॅडम, मी २७ वर्षांची, बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) झालेली. इंटर्नशिप संपल्यापासून तालुक्याच्या गावी एका हाडांच्या दवाखान्यात काम करते. पगार १८ हजार, वर दोन-चार होम व्हिजिट. काम आवडतं, पण मान नाही. परवा एका बाईंना गुडघा बदलल्यानंतर व्यायामासाठी आणलं होतं. त्यांचा मुलगा माझ्यासमोरच फोनवर म्हणाला, "आईला मालिशवाल्या बाईंकडे घेऊन आलोय." डॉक्टर चिठ्ठीवर मशीनचं नाव लिहून पाठवतात, "फिजिओ, आयएफटी, १० दिवस." मी वेगळं काही सांगितलं की पेशंटच म्हणतो, डॉक्टरांनी तर मशीन लिहिलंय. एका कन्सल्टन्सीत चौकशी केली. ते म्हणतात, अमेरिकन युनिव्हर्सिटीची ट्रान्झिशनल डीपीटी दीड वर्षात घरबसल्या ऑनलाइन होते, नावापुढे कायदेशीर 'डॉक्टर' लागतं आणि तिकडच्या नोकरीचा रस्ता मोकळा होतो. सगळं मिळून १४ लाख. पप्पा रस्त्याकडेची २० गुंठे विकायला तयार आहेत. दादा म्हणतो, त्यापेक्षा इथेच एमपीटी (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) कर. महिन्याअखेर पहिला हप्ता भरायचाय. काय करू?
– सांगली जिल्ह्यातली एक वाचक

उत्तर :

महिन्याअखेरचा हप्ता भरू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी. कोर्सची शेवटची तारीख युनिव्हर्सिटी आपल्या वेबसाइटवर लावते, कन्सल्टन्सीवाला फोनवरून लावत नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, या मुलीला अमेरिकेला जायचंय. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की अमेरिकेबद्दल तू एकच वाक्य लिहिलंयस, तेही एजंटचं. बाकी सगळं पत्र त्या फोनबद्दल आहे. म्हणून दोन्ही गोष्टींवर लिहिते, पण वेगवेगळं लिहिते. एजंटने त्या एकाच पुडीत बांधून तुला विकायला काढल्यात आणि गोंधळ तिथेच झालाय.

आधी ही डीपीटी काय आहे ते समजून घे. डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी. आपल्या फिजिओथेरपीला तिकडे फिजिकल थेरपी, पीटी, म्हणतात. नावात डॉक्टर आहे म्हणून तिला पीएचडी समजू नकोस. पीएचडीत एक प्रश्न धरायचा, काही वर्षं त्याच्या मागे लागायचं आणि प्रबंध लिहायचा. डीपीटी ही व्यवसायाची पदवी आहे. पेशंटला हात लावायचा परवाना मागण्याआधी तिकडे जेवढं शिकावं लागतं, तेवढं शिकल्याचा तो दाखला. अमेरिकेत वकिलीच्या पदवीचं नावही ज्युरिस डॉक्टर आहे, म्हणून तिथला वकील काही प्रबंध लिहून आलेला नसतो. आपल्याकडे २००८ पासून फार्म डी सुरू झालं, तेही याच जातीचं.

ओमाहा शहरातल्या क्रेटन विद्यापीठाने १९९३ मध्ये नव्याने शिकणाऱ्यांसाठी डीपीटी सुरू केली आणि १९९६ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तोवर तिकडेही बॅचलर किंवा मास्टर करूनच लोक फिजिओथेरपिस्ट होत होते. मग एकेक कॉलेज बदलत गेलं. शेवटी तिथल्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केप्टी या संस्थेने सांगून टाकलं की २०१५ संपेपर्यंत परवान्याआधीचा प्रत्येक अभ्यासक्रम डीपीटीच असला पाहिजे. जुन्यांचं काय झालं? काहीच नाही. त्यांचा परवाना शाबूत राहिला. आपल्याकडून बीपीटीएच करून गेलेल्या कितीतरी जणी आजही तिकडे डीपीटीशिवाय काम करतात. फक्त अडचण अशी झाली, की शेजारच्या टेबलावरची कालची मुलगी 'डॉक्टर' आणि वीस वर्षं काम केलेल्या बाईंच्या बिल्ल्यावर साधं 'पीटी'. ही दरी बुजवायला ट्रान्झिशनल डीपीटी निघाली.

म्हणजे ती पलीकडे आधीच पोचलेल्यांसाठी काढलेली सोय होती. परवाना हातात, नोकरी चालू, संध्याकाळी लॅपटॉपवर नवे विषय पुरे करायचे. म्हणूनच यातले बरेच कोर्स प्रवेशालाच अमेरिकन परवाना मागतात. काही मागत नाहीत आणि एजंट लोक नेमके तेच विकतात. ट्रान्झिशनल डीपीटीला केप्टी मान्यता देत नाही, कारण ती परवान्याआधीची पदवी धरलीच जात नाही. पदवी खरी असेल, युनिव्हर्सिटीही खरी असेल, पण त्या कागदाने परवाना मिळत नाही. शिवाय घरबसल्या ऑनलाइन कोर्सवर विद्यार्थी व्हिसाही मिळत नाही. तुझ्या एजंटला एकच प्रश्न लेखी विचार : "हा कोर्स पूर्ण केल्यावर कुठल्या राज्याचं बोर्ड मला परीक्षेला बसू देईल, आणि कुठल्या नियमाखाली?" उत्तर फोनवर देतो म्हणाला, तर समजून जा.

परदेशात शिकलेल्यांसाठी परवान्याची प्रक्रिया प्रत्यक्ष कशी चालते, ते सांगते. अमेरिकेत परवाना देशाचा नसतो, राज्याचा असतो. आपण आधी राज्य निवडायचं आणि त्या बोर्डाचे नियम वाचायचे. बहुतेक बोर्डं तुझं शिक्षण तिथल्या शिक्षणाशी विषयवार ताडून बघायला सांगतात. ही तपासणी करणाऱ्या ठरावीक संस्था आहेत, त्यात एफसीसीपीटी सगळ्यांच्या ओळखीची. मग इंग्रजीसाठी टोफेल. लिहिणं-वाचणं आपल्या मुलींना जमतं, बोलण्याच्या गुणांवर गाडी अडते. त्यानंतर एनपीटीई ही परवान्याची परीक्षा : वर्षातून ठरावीक चार वेळा, २०० ते ८०० च्या मापात ६०० गुणांना पास. बारा महिन्यांत तीनदा आणि आयुष्यात एकूण सहादाच बसता येतं. शिवाय परीक्षा अमेरिकेच्या हद्दीतच द्यावी लागते, भारतात केंद्र नाही. कितीतरी फिलिपिनो मुलं त्यासाठी ग्वाम या अमेरिकेच्या बेटावर जातात. या सगळ्यानंतर व्हिसा.

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, कारण एजंट तुला कधीतरी 'मागच्या परीक्षेचे प्रश्न' देऊ करेल. २०१० मध्ये या परीक्षेचे प्रश्न फुटल्याचं उघड झालं आणि परीक्षा घेणाऱ्या फेडरेशनने भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि इजिप्त इथल्या कॉलेजांत शिकलेल्यांची परीक्षा थांबवली. पुढे काही काळ या चार देशांच्या पदवीधरांसाठी वर्षातून एकदाच वेगळी परीक्षा ठेवली होती. ज्यांनी चोरी केली नव्हती त्यांचीही वर्षं त्यात गेली. तेव्हा प्रश्नांची ती झेरॉक्स घरात आणायचीच नाही.

मग पूर्ण डीपीटी, तिकडे जाऊन? तीन वर्षं, त्यातले निदान तीस आठवडे पूर्णवेळ क्लिनिकमध्ये. शिक्षण उत्तम. पण खर्च खासगी कॉलेजात सहज लाख डॉलरच्या पुढे जातो आणि बीपीटीएचचे कितीतरी विषय पुन्हा पहिल्यापासून करावे लागतात. शिकून झाल्यावर विद्यार्थी व्हिसावर कामाला साधारण एकच वर्ष मिळतं. इंजिनिअर मुलांना मिळतात ती वरची दोन वर्षं या शाखेला साधारणपणे नाहीत. पगाराचं म्हणशील तर तिथल्या सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये फिजिकल थेरपिस्टचा मधला वार्षिक पगार १,०१,०२० डॉलर होता. एजंट हा आकडा पहिल्या पानावर छापतात. ग्रीन कार्डाच्या कामात फिजिकल थेरपिस्टांना एक सूट आहे हेही ते सांगतात आणि ते खरं आहे : तिथे कामाला माणूस मिळत नाही, हे मालकाला वेगळं सिद्ध करावं लागत नाही. पण भारतात जन्मलेल्यांची रांग त्या सवलतीनंतरही वर्षानुवर्षांची आहे, हे त्या पानावर नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर मालकाने एक लाख डॉलर भरावेत असा हुकूम निघाला, तोही नसतो. उद्या हे नियम बदलतील, कदाचित सुधारतीलही. पण रस्त्याकडेची जमीन विकून यावर पैज लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ अमेरिकेचा नाद सोड असं नाही. उलट्या टोकाने सुरुवात कर. आधी तुझं शिक्षण त्यांच्या मापात किती कमी पडतं ते बघ. त्याला फी लागते, पण १४ लाख नाही. तपासणीत अमुक विषय कमी असं आलं, तर तेवढेच विषय भरून काढायचे मार्ग असतात. त्या वेळी कदाचित तिकडे राहून करायची ट्रान्झिशनल डीपीटी हाच तुझ्यासाठी शहाणा मार्ग ठरेल. पण मग कशासाठी पैसे भरतोय हे तुला माहीत असेल.

आणि त्यासाठी पहिलं काम अगदी रटाळ आहे. कॉलेजात जा. प्रत्येक वर्षाचा सविस्तर अभ्यासक्रम, विषयवार थिअरी-प्रॅक्टिकलचे तास, इंटर्नशिपच्या पोस्टिंगचे तास, सगळ्याची प्रत काढून प्रत्येक पानावर सही-शिक्का घे. पानं शंभराच्या वर भरतील. क्लार्क म्हणेल, प्राचार्य रजेवर आहेत. शिक्का कपाटात असेल, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. माझ्या एका विद्यार्थिनीचं काम एका कॉलेजने चार महिने लांबवलं, आणि शेवटी दिलं त्यात तिच्या बॅचचा अभ्यासक्रमच नव्हता, नंतर बदललेला होता. तेव्हा तुझ्या प्रवेशाच्या वर्षी लागू असलेलाच अभ्यासक्रम माग, आणि सगळे कागद दोन संच काढून ठेव. इंग्लंडला जायचं ठरवलंस तरी हेच कागद लागतील. तिथे एचसीपीसी नावाची संस्था नोंदणी करते, ऑस्ट्रेलियात वेगळी कौन्सिल आहे, आणि दोन्हीकडे नोंदणीला डॉक्टरेट लागत नाही. एजंटने तुला हे सांगितलं नसेल. त्यात त्याला १४ लाख कसे मिळणार?

आता त्या फोनकडे येऊ.

'कायदेशीर डॉक्टर' हे एजंटचे शब्द. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचं राष्ट्रीय कमिशन आलं. २०२५ मध्ये त्यांनी फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रम काढला, त्यात नावापुढे 'डॉ.' आणि नावामागे 'पीटी' लावण्याची मुभा लिहिली. मग ९ सप्टेंबरला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं, फिजिओथेरपिस्टनी 'डॉ.' लावू नये. दुसऱ्याच दिवशी, १० सप्टेंबरला, ते पत्र मागे घेतलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या दिवशी सुतक आणि दुसऱ्या दिवशी पेढे. मी दोन्ही दिवस ओपीडीत होते, पेशंट तेवढेच आले. सांगायचं एवढंच, की हा वाद आपल्या देशाच्या कायद्याचा आहे. ओमाहाहून आलेल्या कागदाने तो तुझ्यापुरता मिटत नाही.

मानाचं दुखणं मात्र खरं आहे आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. मलाही लागायचं. केईएममध्ये पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या दिवसांत, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने आपल्याकडची पहिली फिजिओथेरपी शाळा सुरू झाली. इतक्या वर्षांनीही माणसं आपल्याला मालिशवाली म्हणतात म्हणजे चूक सगळी माणसांची नाही. आपणही मशीन लावून पडदा ओढतो आणि पुढच्या पेशंटकडे जातो. पेशंटला तेवढंच दिसतं.

एक पेशंट सांगते. मी नोकरीला नवी होते, मुंबईत. साठीचे एक गृहस्थ खांदा धरून आले. चिठ्ठीवर 'फ्रोझन शोल्डर, एसडब्ल्यूडी, १० दिवस'. एसडब्ल्यूडी म्हणजे शॉर्टवेव्हचा शेक. त्याचं मशीन मोकळं होतं, पॅडही तयार होते. मी हात वर करून बघितला तर खांदा जवळजवळ पूर्ण फिरत होता. फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, असा फिरत नाही, तो बाहेरच्या बाजूला वळवताना आधी अडतो. दुखणं रात्री जास्त. शर्ट ढगळ झालेला. विडी चाळीस वर्षांची. मग त्यांचा तळहात बघितला. करंगळीच्या बाजूचं मांस वाळलेलं, अंगठा आणि तर्जनीच्या मधे खड्डा. आणि त्याच बाजूच्या डोळ्याची पापणी किंचित खाली, बाहुली बारीक. मी मशीन लावलं नाही. चिठ्ठीच्या मागे पाच ओळी लिहिल्या, सापडलं ते आणि छातीचा एक्स-रे बघावा ही विनंती, आणि त्यांना परत वर सर्जनकडे पाठवलं. फुप्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ होती, हाताकडे आणि डोळ्याकडे जाणाऱ्या नसा ती दाबत होती. तिथे शॉर्टवेव्हचा शेक द्यायचाच नसतो.

त्या पाच ओळींनंतर ते सर्जन मला चिठ्ठीवर मशीनचं नाव लिहून पाठवेनासे झाले. फक्त लिहायचे, 'कृपया तपासून ठरवावे.' ते गृहस्थ मात्र शेवटपर्यंत मला मालिशवाल्या बाईच म्हणत होते. फार प्रेमाने.

हे मी फुशारकीसाठी सांगत नाही. अमेरिकेच्या डीपीटीत बीपीटीएचपेक्षा जास्त काय आहे, असं कुणी विचारलं तर मोठा भाग हाच आहे : चिठ्ठीशिवाय थेट आलेल्या पेशंटला तपासून, हे माझं काम आहे की डॉक्टरांचं, हे ओळखणं. तिकडे पन्नासही राज्यांत पेशंट काही ना काही प्रमाणात थेट फिजिओकडे जाऊ शकतो, म्हणून ते शिकावंच लागतं. औषधांची माहिती, एक्स-रे आणि एमआरआय वाचण्याची ओळख, धोक्याच्या खुणा, भाजलेल्या आणि चिघळलेल्या जखमांची काळजी. आपल्याकडे ड्रेसिंग सिस्टर करतात म्हणून जखमांकडे आपण बघतच नाही, आणि त्यांच्या परीक्षेत त्यावर प्रश्न असतात. यातलं बरंच तू आत्ताच्या पगारात, आत्ताच्या दवाखान्यात शिकायला लागू शकतेस. सोमवारपासून प्रत्येक नव्या पेशंटची वीस मिनिटं पूर्ण तपासणी कर, मशीन नंतर. सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर ड्रॉवरमधून बाहेर काढ. अंश लिही. आठव्या दिवशी डॉक्टरांना अर्ध्या पानाची नोंद पाठव. चार ओळी पुरतात, पण आकडे हवेत. पहिल्या दहा नोंदी ते वाचणार नाहीत. तू पाठवत राहा.

दादाचं म्हणणं मला पटतं, जरी त्याने ते बहुतेक पैशाच्या हिशेबाने म्हटलं असेल. एमपीटी दोन वर्षांचं आहे, राज्याची पीजीपी-सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन सरकारी कॉलेज मिळालं तर पेशंटची गर्दी आणि शिकवणारी माणसं दोन्ही मिळतात. कॉलेजात शिकवायचं असेल तर पुढे पीएचडी इथेच करता येते. ट्रान्झिशनल डीपीटीला कुणी तुला पीएचडी म्हणून धरणार नाही. आणि त्या दोन वर्षांत शिकलेले विषय पुढे परदेशी तपासणीतही मांडता येतात. पण फक्त 'काहीतरी करायचं' म्हणून एमपीटी करू नकोस. न्यूरो घेतलंस तर अर्धांगवायूच्या पेशंटमागे महिनोन् महिने जायची तयारी हवी. मस्क्युलोस्केलेटल, म्हणजे हाडं-स्नायूंचं, घेतलंस तर तालुक्याला पेशंट भरपूर, पण स्पर्धाही तेवढीच. आधी बघ, दिवसभराच्या थकव्यानंतरही कुठल्या पेशंटबद्दल तू घरी जाऊन वाचतेस.

पप्पांना सांग, जमिनीचा विषय एक वर्ष बंद. त्यांना वाईट वाटेल. मुलीसाठी काहीतरी विकायला निघालेल्या बापाला 'नको' म्हणणं सोपं नसतं. त्यांना कॉलेजच्या त्या शिक्क्यांच्या कामाला सोबत घेऊन जा. क्लार्क लोक तुझ्यापेक्षा त्यांचं लवकर ऐकतील, आणि आपल्या हातून काहीतरी झालं याचं समाधान त्यांनाही मिळेल.

कागद हातात आले की मला पुन्हा लिही. तपासणीत काय निघालं तेही कळव, म्हणजे पुढचं त्याप्रमाणे बोलता येईल. आणि त्या गुडघ्याच्या बाईंचा गुडघा आता किती अंशांपर्यंत वाकतोय, ते पत्रात नव्हतं. पुढच्या वेळी तेवढं नक्की लिही.